न पोंचलेली तार

१९२३ सालच्या उन्हाळ्यांत रवींद्रनाथ टागोरांनीं कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी तुरुंगाच्या पत्त्यावर एक तार केली. मजकूर अगदीं थोडा. उपोषण सोडा, आपल्या वाङ्मयाचा तुमच्यावर हक्क आहे, एवढाच तिचा आशय. ज्यांच्या नांवें ती होती ते काझी नझरुल इस्लाम त्या वेळीं चोविशीच्या आंतबाहेर होते. राजद्रोहाबद्दल एक वर्षाची सक्तमजुरी ते भोगीत होते, आणि राजबंद्यांस मिळणाऱ्या वागणुकीच्या निषेधार्थ त्यांनीं अन्न वर्ज्य केलें होतें. तार परत आली. तिजवर शेरा होता कीं, ह्या नांवाचा इसम येथें सांपडत नाहीं. नझरुलांस त्यापूर्वींच हुगळीच्या तुरुंगांत हलविण्यांत आलें होतें. रवींद्रनाथांस ह्या शेऱ्याचा अर्थ कळावयास वेळ लागला नाहीं. आपले चिरंजीव रथींद्रनाथ यांस लिहितांना त्यांनीं तो स्पष्ट केला आहे: निरोप पोंचूं द्यावयाचा नाहीं, एवढाच त्याचा अर्थ, कारण नझरुल त्या तुरुंगांत नसले तरी ते कोठें आहेत हें त्या लोकांस पक्कें ठाऊक असलें पाहिजे.

ज्या माणसाची ओळ न् ओळ वाचण्यासाठीं सरकारनें पगारी भाषांतरकार बसविले होते, त्याचा पत्ताच नेमका त्या दिवशीं सरकारास सांपडूं नये, ह्यांतील विनोद कटु आहे. तार पोंचविणें हें ज्या सत्तेचें काम, तिलाच ती अडविण्याचाहि अधिकार होता. १८८५ सालच्या तारायंत्राच्या कायद्याचें पांचवें कलम तो अधिकार देई: सार्वजनिक आणीबाणी उद्भवली असतां, किंवा सार्वजनिक सुरक्षिततेसाठीं, कोणताहि संदेश रोखावा, अडवावा, उघडून पाहावा. हें कलम लिहिलें गेलें तेव्हां कलकत्त्यास टेलिफोनची पहिली कचेरी निघून तीन वर्षेंच झालीं होतीं. पुढें घरोघर टेलिफोन आला, मग खिशाखिशांत मोबाईल आला, आणि ह्या साऱ्यांस 'तार' ह्या एकाच शब्दाच्या पोटांत जागा देण्यांत आली. खुद्द तारेची सेवा आपल्या देशांत २०१३ च्या जुलैंत बंद पडली. पण तारेचें तें पांचवें कलम आपल्या फोनांवर २०२४ च्या जूनपर्यंत राज्य करीत होतें, आणि त्याच्या जागीं आलेल्या २०२३ च्या दूरसंचार कायद्याच्या विसाव्या कलमांतहि जवळजवळ तेच शब्द उतरले आहेत. तेव्हां नझरुलांच्या तारेचा आणि आपल्या फोनचा संबंध आम्ही ओढूनताणून जोडीत नाहीं. तो कायद्यानेंच जोडून ठेविलेला आहे.

महाराष्ट्रांत रवींद्रनाथ भाषांतरांच्या द्वारें घरोघर पोंचले. नझरुल मात्र बहुतेकांस नांवापुरतेच ठाऊक आहेत. वर्धमान जिल्ह्यांतील चुरुलिया गांवीं १८९९ च्या मे महिन्यांत त्यांचा जन्म झाला. लहानपणींच वडील वारले. मशिदींतील चाकरी, गांवोगांव फिरणाऱ्या 'लेटो' मंडळीसाठीं पदें रचणें, आसनसोलच्या पावाच्या दुकानांतील नोकरी, असें करीत करीत शाळा अर्धी टाकून ते १९१७ सालीं बंगाली पलटणींत भरती झाले आणि कराचीच्या छावणींत राहिले. पलटण मोडली तेव्हां १९२० सालीं ते कलकत्त्यास आले. पुढच्या बावीस वर्षांत त्यांनीं बंगालीला जें दिलें त्याचें वर्णन दोन ओळींत करणें अन्यायाचें होईल. इस्लामी गीतें आणि कालीमातेचीं पदें एकाच लेखणीनें आणि सारख्याच श्रद्धेनें लिहिणारा दुसरा कवि आमच्या पाहण्यांत नाहीं. १९४२ सालीं असाध्य रोगानें त्यांची वाचा आणि बुद्धि दोन्ही हिरावून नेल्या, आणि त्यानंतर चौतीस वर्षें हा बोलका मनुष्य मुका बसून राहिला. १९७२ सालीं त्यांस ढाक्यास नेण्यांत आलें. १९७६ च्या ऑगस्टांत तेथेंच ते वारले.

परंतु ह्या लेखाचा विषय त्यांचें समग्र चरित्र नव्हे. त्यांच्या आयुष्यांतील एका रात्रीपासून आम्हांस सुरुवात करावयाची आहे.

ती रात्र १९२१ च्या डिसेंबर महिन्याच्या अखेरची. तालतला लेनमधील एका घराच्या खालच्या मजल्यावर एकाच खोलींत नझरुल आणि त्यांचे स्नेही मुझफ्फर अहमद राहत असत. मुझफ्फर झोंपीं गेले. नझरुल जागे राहिले. सकाळीं मुझफ्फर उठून बसतात तों नझरुल म्हणाले, रात्रीं एक कविता लिहिली आहे, ऐका. ती 'विद्रोही'. मुझफ्फरांनीं उत्तरवयांत लिहिलेल्या आठवणींत ही हकीकत दिली आहे आणि एक बारीक गोष्ट आवर्जून नोंदविली आहे: कविता शिसपेन्सिलीनें लिहिलेली होती. दौतींत टांक बुडवून लिहावयाचे ते दिवस; हात मनाच्या वेगाला पुरला नसता, म्हणून पेन्सिल घेतली असावी, असा त्यांचा तर्क आहे. ते आणखी एक कबुली देतात, ती आम्हांस फार आवडते. ते स्वभावानेंच तोंडावर स्तुति करणारे नव्हत. त्यामुळें ऐकून झाल्यावर त्यांच्याकडून उत्साहाचा शब्द निघाला नाहीं आणि नझरुल मनांतून खट्टू झाले. थोड्या वेळानें दुसरे स्नेही आले, त्यांनीं मात्र कवितेचें कौतुक करून घर डोक्यावर घेतलें. १९२२ च्या जानेवारीच्या पहिल्या आठवड्यांत ती 'बिजली' पत्रांत छापली गेली आणि मागणी इतकी झाली कीं अंक पुन्हां छापावा लागला.

ह्या साऱ्या प्रसंगांत सरकार कोठें आहे? कोठेंच नाहीं. 'विद्रोही' जन्मली ती एक कवि, एक कंदील आणि एक झोंपलेला मित्र ह्यांच्या सोबतींत. तिच्या पहिल्या कच्च्या ओळी, खोडलेले शब्द, अर्ध्यांत सोडलेला आवेश हें सारें सरकारच्या दृष्टीआड राहिलें. सरकारला ती दिसली ती छापून आल्यावर, म्हणजे कवीनें आपण होऊन जगापुढें ठेविल्यावर. दडपशाहीचें तें राज्य कितीहि कठोर असलें तरी त्याचा हात छापखान्याच्या दारापर्यंत येत होता. उशाखालच्या कागदापर्यंत तो क्वचितच पोंचे.

छापखान्याच्या दारांत मात्र तो हात चांगलाच मजबूत होता. १९२२ च्या ऑगस्टांत नझरुलांनीं 'धूमकेतु' नांवाचें अर्धसाप्ताहिक काढलें. रवींद्रनाथांनीं त्यास आशीर्वाद दिला. ऑक्टोबरच्या एका अंकांत नझरुलांनीं हिंदुस्थानच्या संपूर्ण स्वातंत्र्याची मागणी केली. राष्ट्रसभेनें लाहोरास तसा ठराव करावयास अजून सात वर्षें होतीं. सप्टेंबरच्या अखेरच्या अंकांत दुर्गापूजेच्या निमित्तानें त्यांची एक कविता आली होती, तिजवरून तो अंक जप्त झाला आणि २३ नोव्हेंबर रोजीं कुमिल्ला येथें त्यांस अटक झाली. लोकमान्यांस ज्या १२४ अ कलमाखालीं १८९७ आणि १९०८ सालीं शिक्षा झाल्या, तेंच कलम येथेंहि होतें. न्यायासनावर मुख्य प्रेसिडेन्सी मॅजिस्ट्रेट स्विन्हो साहेब होते, आणि तेहि कवि आहेत असें आपण ऐकतों, असा खोंचक उल्लेख आरोपीनें आपल्या लेखी जबानींत केला. ती जबानी, 'राजबंदीर जबानबंदी', आजहि बंगाली गद्याचा नमुना म्हणून वाचली जाते. १६ जानेवारी १९२३ रोजीं एक वर्षाची शिक्षा झाली. फेब्रुवारींत रवींद्रनाथांनीं आपली 'वसंत' ही गीतिनाटिका तुरुंगांतल्या ह्या तरुणास अर्पण केली. उपोषण सुमारें चाळीस दिवस चाललें. शेवटीं मे महिन्यांत विरजासुंदरी देवींच्या हातून, ज्यांस नझरुल आई म्हणत, त्यांनीं तें सोडलें.

त्यानंतर पुस्तकांची पाळी आली. 'युगवाणी' अटकेच्याच सुमारास जप्त झालें होतें. १९२४ च्या ऑक्टोबरांत 'बिषेर बांशी', नोव्हेंबरांत 'भांगार गान', १९३० सालीं 'प्रलयशिखा', १९३१ सालीं 'चंद्रबिंदु' अशीं एकामागून एक पुस्तकें जप्त झालीं. 'प्रलयशिखा'बद्दल सहा महिन्यांची शिक्षाहि झाली. गांधी-आयर्विन करारामुळें ती टळली. विशेष हें कीं, ज्यांत 'विद्रोही' आहे तो 'अग्निवीणा' संग्रह सरकारनें कधींच रीतसर जप्त केला नाहीं. सेन्सॉरच्या वाङ्मयीन अभिरुचीवर विश्वास ठेवूं नये, हें खरें.

हीं पुस्तकें सरकारच्या नजरेस कशीं आलीं, हें पाहण्यासारखें आहे. १८६७ च्या कायद्यानें प्रत्येक छापील पुस्तकाच्या प्रती सरकारजमा कराव्या लागत, आणि बंगालमध्यें त्या बंगाल ग्रंथालयांत जात. हेतु नोंद ठेवण्याचा. पण नोंद ठेवणारा डोळा लवकरच टेहळणीचा डोळा झाला. 'बिषेर बांशी'विषयीं पहिली सूचना वर गेली ती कोणा हेराकडून नव्हे, तर तेथल्या ग्रंथपालाकडून. मग शिक्षणखातें, मग पोलीस कमिशनर टेगार्ट, मग सरकारी वकील, असा कागद फिरला. शेवटीं जप्तीचा हुकूम निघाला, आणि तो गॅझेटांत छापला गेला. कायद्याप्रमाणें त्या हुकुमांत जप्तीचीं कारणें द्यावीं लागत, आणि ज्याचें पुस्तक गेलें त्यास दोन महिन्यांच्या आंत हायकोर्टांत तीन न्यायाधीशांपुढें दाद मागतां येई. दाद क्वचितच मिळे, ही गोष्ट निराळी. पण हुकुमाला तारीख होती, सही होती आणि तो ज्याच्याविरुद्ध असे त्यास तो कळत असे.

पत्रांची गोष्ट मात्र वेगळी होती. १८९८ च्या टपाल कायद्यानें पाकिटें गुपचूप उघडतां येत, आणि तीं सर्रास उघडलीं जात. 'विद्रोही'चा जो पहिला श्रोता, त्याच मुझफ्फर अहमदांस १९२४ सालीं कानपूरच्या बोल्शेव्हिक कटाच्या खटल्यांत चार वर्षांची शिक्षा झाली. पुराव्याचा मुख्य भाग म्हणजे परदेशांतून मानवेंद्रनाथ रॉय यांचा चाललेला आणि टपालांत टिपलेला पत्रव्यवहार. त्यांच्याबरोबर शिक्षा झालेल्यांत मुंबईचे श्रीपाद अमृत डांगे होते. रवींद्रनाथांचीहि सुटका नव्हती: १९११-१२ च्या सुमारास पूर्व बंगाल व आसामच्या सरकारनें गुप्त परिपत्रक काढून, सरकारी नोकरांनीं आपलीं मुलें शांतिनिकेतनच्या शाळेंत घालूं नयेत, अशी ताकीद दिली होती. दुसऱ्याच वर्षीं, १९१३ सालीं, त्या शाळेच्या गुरुजींस नोबेल पारितोषिक मिळालें.

आतां ह्या सर्व हकीकती आपल्याला ठाऊक झाल्या कशा? त्या राज्यकर्त्यांनींच लिहून ठेविल्या म्हणून. शिशिर कर ह्या संशोधकांनीं सरकारी दप्तरें धुंडाळून 'निषिद्ध नझरुल' हा ग्रंथ सिद्ध केला. त्यांतून दिसतें कीं, कोणती ओळ कोणाला झोंबली, कोणी तिचें इंग्रजी केलें, कोणी कोणता शेरा मारला, ह्याचा माग कागदावर शिल्लक होता. पोलिसांचा भाषांतरकार हा कवीचा वैरी खरा, पण कवितेचा कित्येक टीकाकारांहून अधिक सावध वाचक तोच होता, असें त्या दप्तरांकडे पाहिलें म्हणजे वाटूं लागतें. येथें कोणी म्हणेल कीं, मग टेहळणीचा वाङ्मयाला फायदाच झाला. आम्ही तसें म्हणत नाहीं. चोरानें घरांतील वस्तूंची यादी करून ठेविली म्हणून चोरी पुण्यकर्म होत नाहीं. पण ती यादी राहिली, आणि तिच्यावरून चोर कोण हें सांगतां आलें, ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे.

राज्य गेलें, दप्तर राहिलें, आणि दप्तराबरोबर संवयहि राहिली. १९२९ च्या डिसेंबरांत कलकत्त्याच्या आल्बर्ट हॉलमध्यें नझरुलांचा सत्कार झाला तेव्हां सुभाषचंद्र बोस म्हणाले होते कीं, आम्ही रणांगणावर जाऊं तेव्हांहि आणि तुरुंगांत जाऊं तेव्हांहि ह्यांचींच गाणीं गाऊं. त्याच सुभाषबाबूंच्या कुटुंबावर, विशेषतः त्यांचे पुतणे शिशिरकुमार आणि अमियनाथ यांच्यावर, स्वतंत्र हिंदुस्थानच्या गुप्तचर खात्यानें १९४८ पासून १९६८ पर्यंत वीस वर्षें पाळत ठेविली. त्यांचीं पत्रें उघडून नकला करून घेतल्या. हें २०१५ सालीं खुल्या झालेल्या कागदपत्रांवरून उघड झालें. म्हणजे येथेंहि कागद होता म्हणूनच कळलें.

टेलिफोन ऐकणाऱ्यांस तोंड द्यावयाला कोणीच उभें राहिलें नाहीं, असें मात्र नाहीं. १९८६ सालीं टपाल उघडण्याचा अधिकार वाढविणारें विधेयक संसदेनें संमत केलें, पण राष्ट्रपति झैलसिंग यांनीं त्यावर सही केलीच नाहीं, आणि तें कधीं कायदा झालें नाहीं. १९८८ सालीं कर्नाटकचे मुख्यमंत्री रामकृष्ण हेगडे यांस विरोधकांचे फोन चोरून ऐकल्याच्या प्रकरणावरून पायउतार व्हावें लागलें. १९९६ च्या डिसेंबरांत सर्वोच्च न्यायालयानें फोनवरील संभाषण हा खाजगी जीवनाचा भाग ठरवून सरकारवर कांहीं अटी घातल्या: हुकूम गृहसचिवाच्या दर्जाच्या अधिकाऱ्यानेंच द्यावा, त्याची मुदत दोन महिन्यांची असावी, एका समितीनें तो तपासावा. २०१७ च्या २४ ऑगस्ट रोजीं नऊ न्यायाधीशांनीं एकमुखानें खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. मुंबई उच्च न्यायालयानें २०१९ सालीं फोन ऐकण्याचे तीन हुकूम बेकायदा म्हणून रद्द केले आणि त्यांतून मिळालेलें ध्वनिमुद्रण नष्ट करावयास सांगितलें.

अटी कागदावर चांगल्या आहेत. व्यवहार पाहिला म्हणजे मन खचतें. माहितीच्या अधिकारांत मिळालेल्या उत्तराप्रमाणें केंद्र सरकार २०१३-१४ च्या सुमारास दरमहा ७,५०० ते ९,००० असे हुकूम काढीत होतें. न्यायमूर्ति श्रीकृष्ण समितीनें २०१८ सालीं दाखवून दिलें कीं, दोन महिन्यांनीं एकदां बसणाऱ्या तपासणी समितीपुढें ह्या हिशेबानें एका बैठकींत १५,००० ते १८,००० हुकूम येतात. इतके कागद एका बैठकींत वाचणें तर सोडाच, पण मोजणेंहि कठीण. शिवाय हुकूम काढणारे सचिव आणि तपासणारेहि सचिवच. न्यायाधीश ह्या सर्व प्रकरणांत कोठेंच येत नाहीं.

सरकारपक्षाचें म्हणणें अगदींच पोकळ आहे, असें आम्ही म्हणणार नाहीं. २००८ च्या नोव्हेंबरांत मुंबईवर हल्ला चालूं असतां मारेकरी आणि सीमेपलीकडचे त्यांचे सूत्रधार यांचें फोनवरील संभाषण आपल्या यंत्रणेनें टिपलें; पुढें खटल्यांत तें महत्त्वाचा पुरावा ठरलें. तो फोन ऐकूं नये होता, असें कोणीहि शहाणा मनुष्य म्हणणार नाहीं. प्रश्न ऐकण्याचा नाहींच. कोणाचें, कोणाच्या परवानगीनें, आणि पुढें त्याचा हिशेब कोणाला द्यावयाचा, हा आहे. घराला आग लागली म्हणजे बंबवाला दार फोडून आंत येतो. म्हणून त्याच्याजवळ साऱ्या गांवाच्या कुलपांच्या किल्ल्या कोणी कायमच्या देऊन ठेवीत नाहीं.

आणि २०२१ च्या जुलैंत जें बाहेर आलें तें तर केवळ ऐकण्याच्याहि पलीकडचें होतें. इस्रायलमधील एका कंपनीची 'पेगॅसस' नांवाची प्रणालि फोनांत शिरते. तिच्यासाठीं धन्याला कोठें बोट लावावें लागतेंच असें नाहीं. आंत शिरल्यावर ती निरोप वाचते, छायाचित्रें पाहते, ध्वनिग्राहक आपण होऊन सुरूं करते. फोनांतून निघतांना निरोपाला कुलूप लागतें हें खरें, पण ही प्रणालि तो कुलूप लागण्यापूर्वीं, लिहिला जात असतांनाच वाचूं शकते. ती आपण फक्त सरकारांनाच विकतों, असें कंपनीचें म्हणणें. आपल्या सरकारनें ती वापरली असें सांगितलें नाहीं आणि वापरली नाहीं असेंहि सांगितलें नाहीं. राष्ट्रीय सुरक्षिततेचें कारण पुढें केलें. सर्वोच्च न्यायालयानें नेमलेल्या तज्ज्ञांनीं २९ फोन तपासले, पांचांत कांहीं तरी घातक सांपडलें, तें पेगॅससच होतें असें निश्चित म्हणतां आलें नाहीं. आणि सरकारनें समितीशीं सहकार्य केलें नाहीं, हें २०२२ च्या ऑगस्टांत सरन्यायाधीशांनीं न्यायालयांत सांगितलें.

तालतला लेनमधील त्या रात्रीशीं हें ताडून पाहावें. आजचा तरुण कवि पेन्सिल घेत नाहीं. मध्यरात्रीं सुचलेली ओळ तो फोनांतच टिपतो, पहाटे मित्रास फोनवरूनच पाठवितो. छापखान्याच्या दारांत थांबणारा हात आतां उशाखालीं येऊन पोंचला आहे. निषेध केला पाहिजे तो ह्या गोष्टीचा. प्रकाशित झालेल्या शब्दाबद्दल नझरुल तुरुंगांत गेले, आणि त्याची जबाबदारी त्यांनीं छाती काढून घेतली. अप्रकाशित शब्दाची जबाबदारी कोणी घ्यावी? माणूस मनाशीं शंभर गोष्टी बोलतो आणि त्यांतल्या एकीवर ठाम होतो. उरलेल्या नव्याण्णव बोलतांना कोणी तिसरा ऐकत आहे, असें त्यास वाटूं लागलें तर शंभरावी सुचणारच नाहीं. ज्याला लपवावयाचें कांहीं नाहीं त्यानें कां भ्यावें, असा प्रश्न सुशिक्षित घरांतूनहि वारंवार ऐकूं येतो. 'अग्निवीणे'ला जप्त करण्यासारखें तिच्यांत सरकारलाहि कांहीं सांपडलें नव्हतें. तरी ती लिहावयाला एकांत लागला होता.

आज दोन देश नझरुलांस आपले म्हणतात. पश्चिम बंगालमध्यें आसनसोलचें विद्यापीठ आणि अंडालचा विमानतळ त्यांच्या नांवाचे आहेत, कलकत्त्याच्या मेट्रोच्या एका स्थानकालाहि त्यांचें नांव आहे. बांगलादेशांत ते लोकमान्य राष्ट्रकवि आहेत. त्या देशांतहि २००१ च्या दूरसंचार कायद्यांत २००६ सालीं दुरुस्ती होऊन फोन ऐकण्याचा अधिकार सरकारनें घेतला, आणि २०१३ सालीं त्यासाठीं स्वतंत्र केंद्र उघडलें. महासाथीच्या काळांत सरकारवर फेसबुकवरून टीका केल्यावरून २०२० च्या मेंत मुश्ताक अहमद ह्या लेखकास 'डिजिटल सुरक्षा' कायद्याखालीं पकडलें. पुनःपुन्हां जामीन नाकारला गेला, आणि २५ फेब्रुवारी २०२१ रोजीं ते तुरुंगांतच वारले. नझरुल हुगळीच्या तुरुंगांतून जिवंत बाहेर आले होते. २०२४ च्या जुलैंत ढाक्याचे विद्यार्थी रस्त्यावर उतरले तेव्हां सरकारनें अनेक दिवस इंटरनेट तोडलें, गोळ्या चालविल्या, शेंकडों माणसें मारलीं गेलीं. त्या दिवसांत भिंतींवर रंगविल्या गेल्या त्या नझरुलांच्या ओळी, आणि गायिलें गेलें तें 'भांगार गान'मधील, म्हणजे १९२४ सालीं जप्त झालेल्या पुस्तकांतील, तुरुंगाचे लोखंडी दरवाजे फोडण्याचें गाणें. सरकार कोसळलें, डिसेंबरांत हंगामी सरकारनें नझरुलांस राष्ट्रकवि म्हणून राजपत्रांत रीतसर नोंदविण्याचा निर्णय घेतला. ज्याचें नांव कलकत्ता गॅझेटांत जप्तीच्या हुकुमाखालीं येई, त्याला गॅझेटाचा हा दुसरा अनुभव शंभर वर्षांनीं आला.

एक गोष्ट सांगावयाची राहिली. आमच्या मतें सर्वांत महत्त्वाची तीच. २००७ च्या नियमांत एक तरतूद होती आणि २०२४ च्या डिसेंबरांत आलेल्या नव्या नियमांतहि ती आहे: फोन ऐकण्याचे हुकूम व त्यांचीं टिपणें, विशेष गरज नसेल तर, दर सहा महिन्यांनीं नष्ट करावीं. नागरिकाची माहिती सरकारजवळ पडून राहूं नये, हा त्यांतील हेतु वरवर पाहतां स्तुत्यच आहे. पण ज्याचा फोन ऐकला त्यास तो ऐकल्याचें आधीं कळवीत नाहींत, नंतरहि कळवीत नाहींत. हुकूम गॅझेटांत येत नाहीं. दाद मागावयाची तर कशाविरुद्ध, हेंच ठाऊक नाहीं. आणि सहा महिन्यांनीं तो कागदहि उरत नाहीं. पन्नास वर्षांनीं आजच्या एखाद्या कवीचें चरित्र लिहावयाला कोणी शिशिर कर बसला आणि त्यानें दप्तरखान्याचें दार उघडलें, तर त्याच्या हातीं काय लागणार?

रवींद्रनाथांची ती तार पोंचली नाहीं. पण कोणा तरी कारकुनास तिजवर शेरा लिहावा लागला, आणि शेऱ्यासकट ती पाठविणाऱ्याकडे परत धाडावी लागली. त्या चार शब्दांवरून रवींद्रनाथांनीं सारें ओळखलें. आजचा निरोप अडत नाहीं. तो ज्याचा त्यास बिनचूक पोंचतो, पोंचल्याच्या दोन खुणा पडद्यावर उमटतात, त्या निळ्याहि होतात. मधल्या मध्यें तो आणखी कोणी वाचला असेल तर त्यावर शेरा मारणारा कारकून आतां कोणी नाहीं.